शेंदूर लावलेला पाइप

मूळ तरतूद

“आधी हातात नागली घे, मग चावी फिरव.”

झुंबरबाई सार्वजनिक नळाच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि उठत नव्हती. तिच्यामागे हंडे, कळशा, तेलाचे पत्र्याचे डबे आणि त्यांच्या मालकिणी. समोर झिपरू, खांद्याला लागेल एवढी उंच लोखंडी चावी हातात धरून. पालिकेच्या हजेरीपटावर तो व्हॉल्व्हमन होता. वस्तीत त्याला चावीवाला म्हणत.

“मावशे, ड्युटीवर हाय मी.”

“ड्युटी तुझी. नळ आमचा.”

“घरोघर नळ येतोय म्हणूनच हा बंद करायचा ना! पुस्तकात छापलंय.”

“पुस्तक तू वाचलंस. मला नागली समजती.”

बायका हसल्या. झिपरूची बायको फुलाबाईही हसली. तीही त्याच रांगेत होती. नवरा गंगापूर रोडच्या अर्ध्या बंगल्यांचं पाणी सोडणारा, आणि बायको सकाळी एक तास चालणाऱ्या नळावर चौदाव्या नंबरला.

खाणवस्ती म्हणजे बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेने वसलेली एकशेचाळीस घरं. पेठ-सुरगाण्याकडून दिवाळीनंतर बांधकामावर आलेली आणि पावसाळ्यात माघारी जायची राहून गेलेली माणसं. त्यांनी बांधलेल्या इमारतींत लिफ्ट होती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या. वस्तीत एक नळ होता.

आणि मग १९९८च्या मार्चमध्ये नगरसेवक ललितभाऊ अंदाजपत्रकाचं जाडजूड पुस्तक काखेत मारून वस्तीत आले. त्यांनी पान उघडून झिपरूच्या हातात दिलं. “झिपरूभाऊ, तुम्हीच वाचा. मी वाचलं तर म्हणतील, पुढारी थापा मारतो.”

झिपरू सातवी शिकलेला. त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं: खाणवस्ती, जलवाहिनी टाकणे व घरोघर नळजोड. बारा वर्षांच्या नोकरीत त्याने एक गोष्ट पाहिली होती. छापून आलेली बदली होते. छापून आलेली रजा मिळते. छापून आलेली पगारकपातसुद्धा न चुकता होते. तेव्हा छापून आलेला नळ येणार, यात शंका घेण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

अट एकच होती. घरोघर जोडणी हवी तर सार्वजनिक नळ आधी बंद झाला पाहिजे, आणि तोही रहिवाशांच्या संमतीने. “नियम आहे,” ललितभाऊ म्हणाले. “दोन महिन्यांचा प्रश्न. तोवर टँकर.”

अर्ज झिपरूनेच लिहिला. अंगठेही त्यानेच घेतले, घरोघर फिरून. शाईचा डाग त्याच्या खिशावर पडला तो पडलाच.

झुंबरबाईचा अंगठाही त्यात होता. पण कागदावरचा अंगठा तिच्या लेखी पोलीस पाटलासाठी असतो. माणसामाणसांतलं बोलणं कणसरीच्या साक्षीने होतं; कणसरी म्हणजे धान्य, डोंगरातल्या माणसांची आई. झुंबरबाईने कमरेच्या पिशवीतून मूठभर नागली, म्हणजे नाचणी, काढली आणि त्याच्या तळहातावर ओतली. लालसर, मोहरीएवढे दाणे.

“म्हण, लाइन येईल.”

“लाइन येईल.”

“कुणाची?”

“आपली.”

“मूठ झाक नि म्हण. उघड्या मुठीतलं बोलणं वाऱ्यावर जातं.”

झिपरूने मूठ झाकली. पुन्हा म्हणाला. या वेळी मागचं कुणी हसलं नाही. झुंबरबाईने ते दाणे एकही न सांडता परत घेतले, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि गाठ मारली. “पाणी आलं की याचीच भाकर करू. तू खायची, मी खायची.” मग गुडघ्यावर हात टेकून ती ओट्यावरून उठली.

झिपरूने चेंबरमध्ये चावी उतरवली. सहा फेरे. नळ दोनदा खोकला आणि थांबला. प्लंबरने नळाच्या तोंडावर डमी, म्हणजे बंद झाकण, मारली.

फुलाबाईने हंडा डोक्यावर पालथा घातला. “चला गं! आता पाणी पाव्हण्यासारखं घरी येणार. चहा तेवढा ठेवा त्याला.”

जोडपत्र

*मा. कार्यकारी अभियंता साहेब यांसी. अर्ज करतो की आम्ही खाणवस्तीतील रहिवासी आमच्या राजीखुशीने सार्वजनिक नळ बंद करण्यास संमती देतो. आमच्यावर कुणाचा दबाव नाही. सोबत एकशे अडतीस अंगठे व दोन सह्या. आपला विश्वासू, झिपरू सोमा गावित.*

प्रत्यक्ष

पाइप मे महिन्यात आले. हे लिहिलंच पाहिजे, कारण नंतर पुष्कळांना वाटलं की आलेच नव्हते.

ट्रकभर आले. काळे, लोखंडी, वीतभर तोंडाचे. खाणीच्या कडेला उतरवले तेव्हा ठण् ठण् आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. झुंबरबाईने पहिल्या पाइपच्या तोंडाशी शेंदूर फासला, डोंगरात वाघदेवाला फासतात तसा, बोटांनी, जाड. नारळ फुटला. ललितभाऊंनी खोबरं खाल्लं आणि फोटो काढून घेतला.

जून गेला. पाइपांवर गोधड्या वाळू लागल्या. जुलैत पाइपांत पोरं लपू लागली, ऑगस्टमध्ये कुणाची तरी कोंबडी आत अंड्यावर बसली. आठवड्याला तीनदा येणारा टँकर दोनदा येऊ लागला, मग एकदा. बायका हंडे घेऊन नाल्यापलीकडच्या सोसायटीत जाऊ लागल्या. तिथला वॉचमन धुणंभांडी करणाऱ्यांना एक हंडा भरू द्यायचा. ज्यांच्याकडे तिथलं काम नव्हतं त्यांना नाही.

“पाव्हणा कुठं अडकला गं?” बायका फुलाबाईला विचारत.

“येस्टीचं चाक पंक्चर झालं असंल,” ती म्हणायची. दिवाळीपर्यंत म्हणत होती. नंतर म्हणेना.

झिपरू ऑफिसात विचारायचा. “प्रोसेसमध्ये आहे,” असं उत्तर यायचं. तो ते जसंच्या तसं घरी आणायचा. वस्तीत ‘प्रोसेस’ हे एखाद्या गावाचं नाव असावं तसं बोललं जाऊ लागलं: आपली लाइन अजून प्रोसेसमध्येच हाय.

सुधारित

जानेवारीत पुन्हा ट्रक आला. रिकामा.

“टेस्टिंगला न्यायचेत,” ओव्हरसियर म्हणाला. “प्रेशर तपासायचं, परत आणायचे. झिपरू, तुझी माणसं समजाव, उगाच गर्दी नको.”

झिपरूने समजावलं. त्याने स्वतः बंगल्यांच्या लाइनींचं टेस्टिंग पाहिलेलं होतं. टेस्टिंग होतं, हे खरंच आहे. टेस्टिंग झालं म्हणजे खोदाई आली.

वस्ती नुसती समजली नाही, तर कामाला लागली. कंत्राटदाराने चार मजूर आणले होते. ते बाजूला राहिले आणि वस्तीतले तीस गडी पुढे झाले. भिंती बांधणारे, स्लॅब ओतणारे खांदे. कामाचा खाडा करून थांबलेले. पुंजा नावाचा गडी पाइपाखाली खांदा देताना आरोळी द्यायचा आणि बाकीचे ती उचलून धरायचे. झिपरू बाजूने पळत होता. “हळू! हळू रे! आपटू नका, आपलेच हायत!”

फुलाबाईने ड्रायव्हरला चहा दिला. तासाभरात ट्रक भरला. कंत्राटदार हसून म्हणाला, “मजूर उगाच आणले मी.”

ट्रक निघाला तेव्हा शेंदराचा पाइप सगळ्यांत वर होता.

तीन आठवड्यांनी झिपरूला गंगापूर रोडच्या बाजूला नव्या उद्यानात ड्युटी लागली. तिथे कारंजं होत होतं. गाण्यावर उडणारं, रंगीत दिव्यांचं. खोल चेंबर, नवा व्हॉल्व्ह, ग्रीस लावलेला. झिपरू शिडीने खाली उतरला. जॉइंट तपासायला हात फिरवला तर बोटं लाल झाली.

आधी त्याला वाटलं, गंज. मग त्याने बोटं नाकाशी नेली. तेलातला शेंदूर. पाइपाच्या तोंडाशी चार बोटांचे ओढलेले पट्टे जसेच्या तसे होते, फक्त निम्मे जोडाच्या फ्लँजखाली गेले होते.

वरून ओव्हरसियर ओरडला, “अरे, लीकेज आहे का?”

“नाही साहेब.”

“मग वर ये की.”

तो बराच वेळ वर आला नाही.

निरंक

लेखा विभागातला दत्तू कारकून झिपरूच्या चांगल्या ओळखीचा होता. झिपरूने कधी तरी त्याच्या घरची लाइन मोकळी करून दिली होती. दत्तूने दार लोटून घेतलं आणि सुधारित अंदाजपत्रक उघडलं.

“हे बघ. खाणवस्ती. मूळ तरतूद इतकी. सुधारित, निरंक. रक्कम उद्यान विभागाकडे वर्ग. साहित्यासह.”

“कुणी केली?”

“सभागृहाने. एकमताने झालाय ठराव.”

“ललितभाऊ?”

“एकमताने म्हणजे त्यात तेही आले ना.”

झिपरू पुस्तकावर वाकला. “पण का? कारण काय लिहिलंय?”

दत्तूने पान त्याच्याकडे फिरवलं नाही. स्वतःच वाचलं, हळू आवाजात. “सदर वस्तीत सार्वजनिक नळ अस्तित्वात नाही. सबब, पाणीपुरवठ्याची मागणी नाही.”

“मागणी नाही?”

“नळ असता तर वस्ती यादीत राहिली असती. नळ नाही, म्हणून यादीत नाही.”

“नळ आम्ही यांच्या सांगण्यावरून बंद केला!”

दत्तूने फायलीतून कागद काढला. शाईचा तो निळा डाग अर्जाच्या कोपऱ्यावरही पडलेला होता. “राजीखुशीने, असं लिहिलंय. अक्षर तुझंच आहे, झिपरू.”

“मग तो जुना तरी चालू करा. डमी काढायला मला दहा मिनिटं पुरतात.”

“बंद नळ चालू करायचा म्हणजे नवं काम. नव्या कामाला तरतूद लागते.” दत्तूने पुस्तक मिटलं. “मी कारकून आहे रे. माझ्याकडे असं बघू नकोस.”

ललितभाऊ त्याला जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी नक्की, झिपरूभाऊ. शहराला चेहराही लागतो ना. बाहेरचे लोक येतात.” आणि हात काढून पुढे गेले. खाली गाडी उभी होती.

उद्घाटन *(हा रकाना पुस्तकात नाही)*

संध्याकाळी सहाला मांडव, बँड, फेटे. झिपरू चेंबरच्या तोंडाशी, चावी व्हॉल्व्हवर बसवून उभा. भाषणं चालू असताना त्याच्या मनात आलं की चावी उचलावी आणि चालू लागावं. व्हॉल्व्हमन दुसरा आणायला निदान अर्धा तास गेला असता. अर्धा तास ही सगळी मंडळी कोरड्या कारंज्याकडे बघत बसली असती. त्याने चावी थोडी वर उचललीही.

“ए व्हॉल्व्हमन!” मंचावरून ललितभाऊंनी माइकवर हाक मारली. “सोड!”

आणि त्याच्या हातांनी सोडलं. बारा वर्षं हाक आली की सोडणारे हात ते. साडेअकरा फेरे. पाणी उठलं, हिरवं झालं, मग लाल. टाळ्या पडल्या. वाऱ्याने तुषार त्याच्या तोंडावर आले. त्याने जीभ ओठांवरून फिरवली आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

शेरा

त्याच दिवशी त्याने वस्तीत सगळं सांगितलं. वगळलं काही नाही. अर्जाचं, शेंदराचं, आणि शेवटी कारंजं आपणच सोडलं हेही. बंद नळाच्या ओट्यापाशी सगळे उभे होते. त्याला वाटलं होतं, शिव्या पडतील. पुंजाच्या हातात तर दगडही होता, पण तो पुंजाने नुसता या हातातून त्या हातात केला.

झुंबरबाई ओट्यावर बसली होती, त्या दिवसासारखीच.

“ट्रकात आम्हीच भरले ना रं ते पाइप?”

“हो मावशे.”

“खांद्यावरून.”

“हो.”

“नि तू म्हणत होतास, हळू, हळू.”

ती उठली आणि घरी गेली. तिच्यामागे एकेक जण.

सकाळी दाराच्या कडीला गाठोडं टांगलेलं होतं. लुगड्याच्या तुकड्याची तीच गाठ. फुलाबाईने ते काढून त्याच्या हातात दिलं. “बघ,” म्हणाली, “उघडून बघ.”

त्याने उघडलं. दाणे होते तसेच होते, लालसर, कोरडे. वर्ष होत आलं तरी एकालाही भोक नव्हतं. ज्वारी असती तर एव्हाना पीठ होऊन गळाली असती. नागलीला कीड लागत नाही. डोंगरात बाप पेरतो आणि नातू खातो.

“दळू?” फुलाबाईने विचारलं. घरात दुसरं काही नव्हतं त्या दिवशी.

“नको.”

त्याने गाठ पुन्हा बांधली आणि चावीच्या आडव्या दांड्याला ते गाठोडं आवळलं. ऑफिसात कुणी तरी विचारलं, नजर लागू नये म्हणून का? तो हो म्हणाला.

पुढे झुंबरबाई पेठकडे गेली ती परत आली नाही. ललितभाऊ दोनदा निवडून आले. अंदाजपत्रकाची पुस्तकं दर मार्चला निघत राहिली. झिपरूने पुन्हा कधी कुणाला ती वाचून दाखवली नाहीत. रोज पहाटे ड्युटीआधी तो सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून नाल्यापलीकडून पाणी आणायचा आणि ज्याचा अंगठा अर्जावर होता त्याच्या दारात ठेवायचा. एका दिवशी दोन घरं. एकशे अडतीस अंगठ्यांची फेरी एकोणसत्तर दिवसांत पुरी व्हायची, आणि मग पहिल्यापासून. कुणी घेतलं, कुणी ओतून दिलं. पुंजाने चार वर्षांनी घेतलं.

आणि कारंजं? त्याची तक्रार कायमची आहे. उद्घाटनाच्या दिवशी उडालं तेवढं ते पुन्हा कधी उडालं नाही. अभियंते येतात, तोट्या बदलतात, पंप उघडून बघतात.

“प्रेशर नाय साहेब,” झिपरू म्हणतो.

संध्याकाळी सहाला तो चावी उतरवतो. फिरवतो. नागलीचं गाठोडं लोखंडावर हलकेच आपटत राहतं. साडेअकरांपैकी दोन फेऱ्यांनंतर तो थांबतो. वर बाकावर बसलेली माणसं कमरेएवढ्या, गुलाबी झालेल्या पाण्याकडे बघत आइस्क्रीम खात असतात. बाकीचं पाणी खाली, अंधारात, त्या पाइपात उभं असतं. शेंदराच्या अलीकडे.