नीरजाने बसवलेलं इंजिन

नीरजाने किल्ली फिरवली. दिवे लागले, पण इंजिन ढिम्म हललं नाही.

टेमघरच्या सोसायटीतले सगळे खाली जमले होते. नवऱ्याने, शार्दूलनेच बोलावलं होतं. "आमच्या बाईसाहेबांनी इंजिन उतरवून परत बसवलंय, या बघायला!" त्याचे साहेब, रामनाथ, खुर्चीवर बसून सरबत पीत होते.

गाडी नीरजाच्या भावाची, सुश्रुतची. तो वारल्यावर ती कोपऱ्यात धूळ खात पडली होती. शाळेला सुट्टी लागली तशी नीरजा तिच्यामागे लागली. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, गॅरेजवाल्या खलीलभाईंकडून इंजिन उचलायला साखळीची कप्पी आणली. अकलोलीच्या शाळेत शिकवायला रोज जीपमध्ये कोंबून घेऊन जावं लागे, ते एकदाचं संपणार होतं.

"स्पेअर पार्ट उरले असतील, पदरात बघ," शार्दूल म्हणाला. लोक खो खो हसले.

तिने मान वर केली नाही. बॅटरी कालच चार्ज केलेली. गिअर न्यूट्रलला. फ्यूज शाबूत. स्टार्टरची वायर घट्ट. मग तिने जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाला लावलं आणि किल्ली मारली. इंजिन गर्रकन फिरलं. म्हणजे अर्थिंग नव्हतं. तिने वाकून पाहिलं. बॉडीपासून इंजिनापर्यंत जाणारी तांब्याची पट्टी जागेवर नव्हती. सकाळी तिने स्वतः पाना लावून आवळली होती.

"शार्दूल, पट्टी कुठेय?"

त्याने खिशातून काढून हवेत नाचवली. "गंमत गं! कळतंय का ते बघत होतो. पास झालीस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीरजाने पट्टी बसवली, नट आवळले. पहिल्या किल्लीला गाडी चालू झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शार्दूलने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून रामनाथांपुढे धरली. "घ्या साहेब. तुमच्या लेकीला, सुकन्याला कॉलेजला जायला."

"ही सुश्रुतची गाडी आहे," नीरजा म्हणाली.

"कागद माझ्या नावावर आहेत. सही तूच केलीस."

रामनाथ ओशाळले, पण किल्ली घेतलीच. "वहिनी, काही अडलं तर तुम्हालाच फोन करू ना?"

बॉनेट उघडून तिने पट्टी पुन्हा काढली आणि सगळ्यांसमोर ती पलीकडच्या गटारात भिरकावली. क्षणभर कुणीच हसलं नाही.

"दुसरी मिळते," शार्दूल शांतपणे म्हणाला आणि मोबाइल काढून त्याने खलीलभाईंना फोन लावला. गॅरेजमधला मुलगा स्कूटरवरून नवी पट्टी घेऊन आला. गाडी मानकोलीच्या दिशेने निघून गेली.

घरी येऊन नीरजा बेसिनपाशी हात घासत राहिली. नखांतलं ऑइल निघेना.

"किती वेळ?" मागून शार्दूल म्हणाला. "सरक. मला दाढी करायचीय."

ती सरकली.