मधे भोक असलेला पेचकस

वसंतरावांचा आवाज सकाळी तोंड धुताना हातातून निसटला आणि मोरीच्या फरशीवर आपटला.

घशाच्या कॅन्सरात स्वरयंत्र काढून टाकल्यापासून त्यांचा आवाज म्हणजे विजेरीएवढं एक यंत्र होतं. ते हनुवटीखाली दाबून धरलं की घूंऽऽ करायचं, आणि त्या गुणगुणीचे ओठांनी आणि जिभेनं शब्द करायचे. उभा जन्म लातुरात गणित शिकवलेला माणूस म्हातारपणी भुंग्यासारखा बोलू लागला, तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांनी पदराआड हसून घेतलं. मग सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. गोदाक्काला तर पहिल्या दिवसापासून त्याचं काही वाटलं नाही. गोदाक्का ही वसंतरावांची थोरली बहीण, नांदेडला मुलाजवळ राहायची. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे नेले होते. रोज दिवेलागणीला वसंतरावांचा फोन यायचा आणि ती म्हणायची, "बोल रे वसंता." तेवढ्यासाठीच तिचा दिवस उगवायचा म्हणा ना.

यंत्र पडलं ते मुकं झालं. हलवलं की आत काहीतरी खुळखुळायचं, एखादी तार सुटली असणार. उघडायला फार तर पाच मिनिटं. पण पाठीमागचे तीन स्क्रू बघून वसंतराव थबकले. सहा पाकळ्यांची चांदणी, आणि तिच्या बरोबर मधोमध एक बारीक खुंटी उभी. कुठलाही पेचकस घाला, खुंटी त्याला आडवी येणार. गिऱ्हाइकानं आपला आवाज आपण उघडून बघू नये, अशी कंपनीची इच्छा. त्यांच्या पत्नीनं, कुसुमताईंनी, फोन केला तर तिकडून उत्तर आलं, पार्सल पाठवा, दीड महिना लागेल.

त्या संध्याकाळी फोनवर कुसुमताई बोलल्या. "अक्का, ह्यांचं यंत्र बिघडलंय. ऐकायलेत ते, इथंच आहेत."

"ऐकायलाय तर टिचकी मारू दे."

वसंतरावांनी फोनवर टिचक्या मारल्या.

"टिचकी कुणीबी मारतंय," अक्का म्हणाली. "कुसुम, खरं सांग. आमचे हे वारले तेव्हाबी तुम्ही सगळ्यांनी मला असंच सांगितलं होतं. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय, म्हणे. आणि इकडं माणूस जळून राख झाला होता."

खोटं नव्हतं ते. आपल्याकडे आजारी माणसापासून मरण लपवायची रीतच आहे, आणि ती लपवणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. कुसुमताई म्हणाल्या, "उद्या उठून नांदेडला चला. तिच्या हातात हात द्या, झालं." वसंतरावांनी पाटीवर लिहिलं, "मुका जाऊन काय करू? आधी यंत्र." मास्तरच ते. एकदा मांडलेलं गणित मधेच सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ते गंजगोलाईच्या बाजारात गेले. बोलता येत नाही म्हणून चिठ्ठी लिहून नेली, तीही आपल्या ठाशीव, सरळ अक्षरात: "सोबतच्या नमुन्यातील स्क्रूसाठी मधे भोक असलेला पेचकस आहे काय?" हार्डवेअरवाल्यानं चिठ्ठी वाचली, हातातलं यंत्र बघितलं, पांढरा सदरा बघितला आणि उठून उभाच राहिला.

"साहेब, असलं काय ठेवत न्हाई आम्ही. आमचं मीटर बी बघून घ्या, सील हाय."

वसंतरावांना आधी कळेचना. पुढच्या दुकानातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. मग एका म्हाताऱ्या दुकानदाराला दया आली. त्यानं कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून सांगितलं, की बाबा, असले स्क्रू विजेच्या मीटरला असतात. हा पेचकस मागणारा एक तर मीटर मागं फिरवणारा, नाही तर त्याला पकडणारा. "तुम्ही चोर दिसत न्हाईत. मग राहिलं काय?"

मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं नाजूक टोकांची अख्खी पेटी असायची, पण टोकं सगळी भरीव. एकानं छिन्नी मारून खाच पाडतो म्हणून यंत्र हातातून ओढलंच. प्लॅस्टिक तडकलं असतं तर? वसंतरावांनी ते परत हिसकावलं. ओरडायला तोंड उघडलं, तर श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसता वारा आला. भर बाजारात, चार लोकांत, त्यांना रडू कोसळलं. दुकानदार ओशाळून पाणी आणायला गेला.

असे दिवस चालले होते. आणि तिकडं नांदेडला राघवेंद्रला, गोदाक्काच्या मुलाला, एक शहाणपण सुचलं. आई दुधाशिवाय कशाला शिवेना, म्हणून त्यानं गच्चीवर जाऊन दाढीचं मशीन गालाशी धरलं आणि तिला फोन लावला. "अक्का, मी वसंता बोलतोय." बिचाऱ्याला वाटलं, घूंऽऽ ते घूंऽऽ. पण ते मशीन ती रोज सकाळी न्हाणीतून ऐकत होती. तिनं फोन खाली ठेवला, न्हाणीत गेली आणि गार पाण्याचे तांबे डोक्यावर ओतून घेतले. भावाच्या नावानं आंघोळ केली तिनं.

"मामा, निघा आता," राघवेंद्र फोनवर रडत होता. "माझंच चुकलं."

वसंतरावांच्या खिशात त्याच दिवशी एक नाव आलं होतं, त्या म्हाताऱ्या दुकानदारानंच हळूच दिलेलं. जळकोटचा मल्लिनाथ. वरकरणी पंखे दुरुस्त करणारा. जळकोट नांदेडच्या वाटेपासून थोडंच आडबाजूला. तास-दोन तासांचा तर प्रश्न, असं म्हणून ते तिथं उतरले.

मल्लिनाथनं चिठ्ठी वाचून आधी साफ नाही म्हटलं. वसंतरावांनी गळ्याचा रुमाल बाजूला केला. त्यानं ते भोक बघितलं, शटर अर्धं ओढलं, आणि जुन्या पंख्याच्या कटोरीतून बोटाएवढा पेचकस काढला. टोकाला मधोमध भोक. खुंटी त्यात अल्लाद बसली. तिन्ही स्क्रू लोण्यातून काढावेत तसे निघाले. तार चिकटवली, यंत्र मिटवलं.

"माझ्याकडं उघडलं म्हणून कुठं बोलू नका बरं."

"नाही बोलणार," वसंतराव घूंऽऽ करून म्हणाले, आणि दोघंही हसले. नांदेडच्या एसटीत ते सारखे ओठ हलवत होते. अक्का, मी आलो. अक्का, मी आलो.

गोदाक्का भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं.

"अक्का, मी आलो."

ती जागची हलली नाही. "घूंऽऽ तर कुणीबी करतंय. राघव, आज कुणाला आणलंस?"

"आई, मामाच आहेत गं, देवाशपथ!"

वसंतरावांनी तिचा हात घेऊन आपल्या तोंडावर फिरवला. "वसंता असा नव्हता," ती म्हणाली. "त्याची गालफडं अशी बसलेली नव्हती, त्याला मिशी होती." ऑपरेशननंतर तिनं त्यांना हात लावला नव्हता. कॅन्सरवरच्या किरणांच्या शेकानं गाल आत गेलेले, मिशीचे केस उगवायचे थांबलेले. त्यांनी बालपणीची विहीर सांगितली, चोरलेल्या कैऱ्या सांगितल्या. "ते सगळं मीच ह्या घरात शंभरदा सांगितलंय." शेवटी त्यांनी तिची बोटं गळ्याच्या भोकावर ठेवली. आतला ऊन वारा लागला तशी ती दचकली. यंत्राचं तिला सांगितलं होतं, भोकाचं कुणी सांगितलंच नव्हतं. तिला त्रास नको म्हणून.

तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तुम्हालाबी तोच आजार का हो, भाऊ?" ती म्हणाली. जन्मात तिनं वसंतरावांना अहो-जाहो केलं नव्हतं. "म्हणून तुम्हाला धरून आणलं होय ह्यानं. एवढ्या लांबून आलाव, पुण्यवान हाव. रागवत न्हाई मी. पण आज माझ्या भावाच्या नावाचं पान वाढायचंय. कुणीतरी बाहेरचं जेवायला लागतंय. जेवता का?"

वसंतरावांनी राघवेंद्रकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. 

ते पानावर बसले. वरणभात, भोपळ्याची भाजी, खीर. त्यांना कोरडं गिळायला त्रास व्हायचा, म्हणून भात ते वरणात कालवत राहिले. गोदाक्का समोर बसून घासांचा आवाज ऐकत होती. खीर संपल्यावर तिनं विचारलं, "तृप्त झालाव का?"

नाही म्हटलं असतं तर ती आणखी किती दिवस उपाशी राहिली असती, कुणास ठाऊक. वसंतरावांनी हात धुतला, यंत्र गळ्याला लावलं.

"झालो."

"मग पोचला माझा वसंता." तिनं त्यांच्या दिशेनं हात जोडले, आणि राघवेंद्रला म्हणाली, "आता मलाबी थोडा भात वाढ."