तीन टॉपर बॉल आणि मी

मी एक जुना प्लॅस्टिकचा बोलिंग बॉल आहे. रंग पिवळा, अंगावर नक्षी नाही आणि जन्मात कधी वळलो नाही. हसू नका, मित्रांनो. न वळणं हेच माझं काम आहे.

साच्यातून निघालो, अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या एका दुकानात बोटांसाठी भोकं पाडून घेतली आणि सातवीतल्या इलाच्या घरी आलो. "कसला सरळ जातो यार!" म्हणून ती मला रोज पुसायची.

मग तिच्या बाबांनी, म्हणजे केदाररावांनी, रिव्ह्यू वाचायला घेतले. या माणसाला भेंडी घ्यायची तरी रेटिंग लागतं! त्यांनी तीन महागडे बॉल आणले. तिन्ही पाच स्टारवाले, आणि तिन्ही एकाच गुणाचे: तेल लावलेल्या लेनवर, म्हणजे बॉल घरंगळायच्या लाकडी पट्टीवर, गर्रकन वळणारे. म्हणजे ताटात तीन झणझणीत रस्से, आणि भाताचा पत्ता नाही. त्यातला जांभळा तर मला म्हणाला, "काका, रिटायर कधी होताय?" इतक्या चकचकीत मूर्खाशी काय बोलायचं? माझी रवानगी मात्र डोनेशनच्या खोक्यात झाली.

यंदा शाळेच्या टीममध्ये एकच जागा उरली होती, आणि इलाला ती हवीच होती. निवडीला निघताना तिने बॅगेतला जांभळा काढला आणि खोक्यातून उचलून मला भरलं.

"अगं, बेस्ट बॉल काय काढतेस?" केदारराव ओरडले.

"बाबा, तिन्ही सेम आहेत. लेन कोरडी झाली की तिन्ही भलतीकडे जाणार."

"पाच स्टार आहेत त्याला!"

"स्टार तुम्ही बघा. टाकणार मी आहे."

पहिल्या गेमला लेनवर ताजं तेल होतं. बॅगेत उरलेल्या दोघांतल्या निळ्याने झकास वळून समोरच्या पिना पाडल्या. मान्य. पण खेळता खेळता तेल उडालं आणि निळ्याचं डोकं फिरलं. काळा काढला, तर तो निळ्याचा सख्खा भाऊ! शेवटी त्याने उजव्या कोपऱ्यात एक पिन उभी ठेवली. ती पडली तरच जागा इलाची.

"ब्लॅक घे, ब्लॅकच!" मागून केदारराव.

इलाने वळूनही पाहिलं नाही. मला उचललं, टाकलं. मी सरळ गेलो. पिन पडली. त्यात कौतुक कसलं? समोर पिन होती, मी गेलो.

टीमचा शर्ट हातात देताना कोचने विचारलं, "हा बॉलचा सेट कोणी निवडला?"

"वी डिड," केदारराव लगेच पुढे.

"नो, बाबा. आय डिड."

मित्रांनो, आमची निगा राखायला फार अक्कल लागत नाही. खेळून झालं की तेल पुसा. उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका, आम्हाला तडे जातात. आणि बॉल निवडताना जो टाकणार आहे त्याला विचारा. पैसे भरणाऱ्याने बॅग उचलावी. केदारराव हल्ली उचलतात. तेवढं त्यांना छान जमतं.