आधी टाळी, मग पाऊल

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. संकेतस्थळ उघडलं की तळाशी येऊन 'तुमच्या भेटीची नोंद ठेवू का?' असं विचारणारी. मला वाचून कुणी कंटाळत नाही. लोक वाचण्याआधीच कंटाळतात.

माझा जन्म ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरांत झाला. तिथल्या एका गावात दोना निल्दा, म्हणजे निल्दाबाई, दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र चालवतात. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. यायचं, कॉफी घ्यायची, बोलायचं. देशात लोकांची खाजगी माहिती जपण्याचा कायदा आला, तेव्हा केंद्राचं संकेतस्थळ सांभाळणाऱ्या एव्हेराल्दोने मला घाईघाईने चिकटवलं. 'हो' ठसठशीत हिरवं, 'नाही' फिकट राखाडी. शेजारी एक मोजणीस, म्हणजे भेटी मोजणारा प्रोग्रॅम, आधीपासूनच मुक्कामाला होता. कोण आलं, कुठून आलं, काय वाचलं, हे टिपून तो एका जाहिरात कंपनीला कळवायचा. मी तोंड उघडेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असे. मग मी गंभीर चेहऱ्याने विचारत असे, नोंद ठेवू का? कायदा पाळल्याबद्दल एव्हेराल्दोचं कौतुकही झालं.

एके सकाळी केंद्रात फोन वाजला. गावचे बसचालक सेउ ओस्मार, म्हणजे ओस्मारराव, बोलत होते. डेपोतल्या सामायिक संगणकावर त्यांनी आमचं पान वाचलं होतं. फिकट 'नाही' शोधून दाबलंही होतं.

"दोना निल्दा, शुक्रवारी येणार होतो, आता नाही येत. त्या संगणकावर दारू सोडवायच्या दवाखान्यांच्या जाहिराती नाचतायत. त्यावर शेवटी मीच बसलो होतो, म्हणून सगळे विचारतायत, 'काय ओस्मारभाऊ, बस तुम्ही चालवता की बाटली?' साहेबाच्या कानावर गेलं तर गाडी काढून घेतील माझी."

दोना निल्दांनी एव्हेराल्दोला माझ्यासमोर बसवलं.

"तो नाही म्हणाला होता ना?"

"म्हणाला. पण तोवर नोंद गेली होती. पट्टी लावलीय ना आपण, दोना! सगळेच असं करतात."

"तू माझ्याकडे येतोस, तेव्हा 'आत येऊ का' म्हणून आधी फाटकाबाहेर टाळ्या वाजवतोस ना?"

"म्हणजे काय! कुणाच्याही दारी आधी टाळ्या वाजवायच्या, आईने शिकवलंय."

"कशाला वाजवतोस? सरळ आत ये, खुर्ची ओढ, चीजचे पाव संपव. मग वाजव टाळ्या, 'आहे का कुणी घरात?'"

एव्हेराल्दोने त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

दुपारपर्यंत मोजणीस माझ्या मागे उभा राहिला. होकार येईपर्यंत त्याने झोपायचं. जाहिरात कंपनीशी संबंध तुटला. 'नाही'लाही 'हो'इतकाच रंग मिळाला. आता बहुतेक जण 'नाही' दाबतात आणि एव्हेराल्दो रिकामे आकडे पाहून उसासे टाकतो.

दोना निल्दा सेउ ओस्मारच्या फाटकाशी जाऊन आल्या. "टाळ्या वाजवल्या. पडदा हलला, दार नाही उघडलं," त्या म्हणाल्या. "दार त्याचं आहे."

मित्रांनो, मी थकले आहे. मला वाचाच, असा हट्ट मी धरत नाही. उद्या तुम्ही माझ्यासारखी पट्टी बनवाल, तेव्हा एवढंच करा: विचारलंत तर उत्तर येईपर्यंत थांबा.

काल कुणीतरी आमचं पान उघडलं, 'नाही' दाबलं आणि बराच वेळ वाचत राहिलं. कोण, कुठून, मला ठाऊक नाही. आज शुक्रवार. आत्ताच फाटकावर टाळ्या वाजल्या, दबक्या, थांबून थांबून. दोना निल्दांनी कॉफीचं आधण ठेवलं आणि 'कोण?' असं न विचारता त्या दार उघडायला गेल्या.