रोज एक टोपण

मी एक जुनी बाटली आहे. जंतुनाशकाची, तपकिरी, लेबल अर्धं सोललेलं. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे आधी पराक्रम सांगतात. मी आधी अपराध सांगते, नाहीतर पुढचं सांगायला मला तोंड नाही: आधीच दुखत असलेल्या एका बाईला मी रोज आणखी दुखवलं.

कारखान्यात मला भरलं, टोपण घट्ट आवळलं आणि दुकानातून मी या घरात आले. मोरीतल्या फळीवर माझा मान मोठा. कुणाचा गुडघा फुटला, कुणाचं बोट कापलं की "आण गं ती बाटली!" हीच हाक. मी फुगले होते, खोटं कशाला बोलू?

घरातली सून शिवणक्लास चालवते. पन्नाशीला तिची पाळी थांबली आणि खाली कोरडेपणा, आग सुरू झाली. मशीनवर बसवेना. नवऱ्याजवळ जाणं ती टाळू लागली. सांगणार कुणाला? शेवटी धीर करून तिनं सासूबाईंच्या कानावर घातलं.

"स्वच्छता कमी पडतेय गं," सासूबाई म्हणाल्या. "पाण्यात टोपणभर हे टाकून धुत जा. मीही तेच करते."

झालं! रोज एक टोपण. आग वाढली म्हणून दोन. आधीच नाजूक झालेली कातडी मी आणखी सोलत होते. मोरीचं दार लावून ती ओठ चावत उभी राहायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि बुक्के मारणारी मी. नवऱ्याला बिचाऱ्याला वाटलं, आपल्यावरच राग आहे. तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला.

एक दिवस क्लासमध्ये उभ्यानं कापड बेतताना तिला रडू फुटलं. दुसऱ्याच दिवशी ती दवाखान्यात गेली. सासूबाई सोबत होत्या. जे वापरता ते घेऊन या, असं दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी पिशवीत होते.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला ठेवलं. "हे तिथे अजिबात वापरायचं नाही. पाळी थांबली की हार्मोन कमी होतं, कातडी पातळ आणि कोरडी पडते. नुसत्या पाण्यानं धुवा. ओलावा देणारं जेल लिहून देते, संबंधाच्या वेळी लावायचं वंगण वेगळं. तपासून गरज वाटली तर हार्मोनचं क्रीमही देईन."

"म्हणजे मी अस्वच्छ नव्हते?"

"मुळीच नाही."

सासूबाई खाली बघत होत्या. "मीच सांगितलं तिला," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू आवाजात, "डॉक्टर, मला वीस वर्षं होतंय हे. आता या वयात काही होतं का?"

सून खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ बसली.

"होतं की. या, झोपा इथे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुनेनं सासूबाईंना हात धरून तपासणीच्या टेबलावर चढवलं.

मित्रांनो, गुडघा फुटला तर मला जरूर हाक मारा. पण घरातली बाई दबक्या आवाजात काही सांगू लागली, तर तिला स्वच्छतेचे धडे देऊ नका. केव्हापासून दुखतंय, एवढं आधी विचारा. सासूबाईंना ते वीस वर्षांत कुणीच विचारलं नाही.