चकचकीत पेटी

कॅमेरा घ्यायला मला जेवढा त्रास झाला नाही, तेवढा तो ठेवायला झाला. फोटोग्राफरनं आपला कॅमेरा कशात घालून न्यावा, याचा विचार अख्ख्या नागपुरात कोणी म्हणून केलेला नव्हता.

आधी मी कॅमेरा गळ्यात, फ्लॅश खांद्याला आणि रोल खिशात असा हिंडलो. पट्ट्यांचा असा गुंता व्हायचा की नवरी हार घालून मोकळी, आणि मी आपला गाठी सोडवतोय. मग रेक्झिनची बॅग घेतली, तर लोक मला विमा एजंट समजून तोंडावर दार लावायला लागले. ती टाकून पितळी कडीची काळी चामडी बॅग आणली. दिसायला झकास! तर महाल भागातल्या एका घरी म्हातारीनं मला खाटेजवळ बसवलं आणि जीभ बाहेर काढली. म्हटलं, "आजी, मी फोटो काढतो." तर म्हणते, "मंग छातीचा काढ ना बाप्पा, खोकला जाऊनच नाई राहिला." आता बोला!

शेवटी माझ्या बायकोनं, पंचफुलानं, गादीच्या उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा झोळा शिवून दिला. आत कापसाचं अस्तर, फ्लॅशला वेगळा कप्पा, रोलला वेगळा. खांद्याला टोचत नव्हता, उन्हात तापत नव्हता. कामाला चोख. पण सदर भागातल्या एका मोठ्या रिसेप्शनला गेलो, तर दारावरचा सुटाबुटातला माणूस माझ्याकडे न बघताच म्हणाला, "भाजीवाले मागच्या गेटनं."

झालं! दुसऱ्याच दिवशी मी सदरच्या एका दुकानातून अल्युमिनियमची पेटी उचलली. आरशासारखी चकचकीत, आत फोम, बाहेर कुलूप. हातात धरली की माणूस चार लोकांत उठून दिसतो.

पंचफुलानं पेटीभोवती एक चक्कर मारली. "अवो, हे कायची पेटी हाय?"

"कॅमेऱ्याची."

"दवाखान्याची वाटून राहिली मले."

"तुझं डोकं दवाखान्यात ने," मी म्हणालो. एवढं घेऊन यावं आणि घरात पहिला शब्द हा.

पेटी घेतल्यावर पहिलं काम मिळालं ते उमरेडच्या अलीकडच्या एका गावात. देवराव नावाच्या विणकराच्या मुलीचं, इंदूचं, लग्न होतं. देवरावांचा भाचा स्टुडिओत येऊन बजावून गेला, "तिले लगन होऊन दूर जबलपूरले जायचं हाय. तिच्या बापाचा आजपर्यंत एकही फोटो नाई. बापासंगचा एक चांगला फोटो जवळ पाहिजे म्हणते. तेवढा हुकू देऊ नका." मी म्हटलं, हुकणार कसा?

सकाळी बसला उशीर होत होता आणि पंचफुला दारातून ओरडत होती, "किल्ली घेतली काजी?" मी म्हणालो, "घेतली, घेतली, डोकं नको खाऊ." गॉगल लावला आणि निघालो.

गावाच्या फाट्यावर उतरून चालत आत शिरलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट येत होती. विहिरीवर पाणी भरणारी एक बाई माझ्याकडे बघून थबकली. मग पेटीकडे बघितलं आणि असा काही हंबरडा फोडला, "पेटीवाला आला वं माय, पेटीवाला आला!"

एकेक करून सगळे माग बंद पडले. घराघरांतून पुरुष बाहेर पडले आणि पळाले. कोणी धोतर सावरत, कोणी हातात चप्पल धरून, एक तर दाढीला अर्धा साबण तसाच. मी मांडवात पोचलो तेव्हा तिथं फक्त बायका होत्या. आणि नवरदेव. तो पळाला नव्हता, त्याचं अजून लग्नच व्हायचं होतं.

नवरीची आई तुळसाबाई कमरेला पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली. "आज पोरीचं लगन हाय, आजचा दिवस तरी सोडा साहेब! मागच्या हप्त्यात तिच्या काकाले गाडीत घालून नेलं, अजून उठून बसता येत नाई त्याले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते शहात्तर साल होतं, आणीबाणीचं. गावोगाव नसबंदीच्या गाड्या फिरत होत्या, दिसेल त्या पुरुषाला धरून नेत होत्या. गाडीतल्या डॉक्टरच्या हातात अशीच पेटी असायची. आणि मी गॉगल लावून, चकचकीत पेटी घेऊन, साहेबासारखा चालत आलो होतो.

"अहो बाई, मी फोटोग्राफर! यात कॅमेरा आहे, कॅमेरा!"

"दाखवा."

खिशात हात घातला. या खिशात नाही, त्या खिशात नाही. किल्ली घरी खुंटीवर लटकत होती. च्या मायला त्या कुलपाच्या! बायका आणखी जवळ सरकल्या. एकीच्या हातात मुसळ होतं.

"मुहूर्त बाराचा हाय," म्हणत इंदू आतून बाहेर आली. पिवळी साडी, डोक्याला बाशिंग, आणि रडून लाल झालेले डोळे. "बाबा आल्याबिगर मी उभी नाई राहणार. अन् फोटूवाले भाऊ, तुमी फोटूवाले असान तर बाबाले तुमीच आणा. तुमीच पळवलं त्याले."

"वरवंटा द्या," मी म्हणालो.

माझ्या नव्याकोऱ्या पेटीवर मी स्वतःच्या हातानं वरवंटा घातला. तिसऱ्या दणक्याला झाकण वाकडं होऊन उघडलं. आत काय? पंचफुलाचा झोळा! मला न विचारता बाईनं रात्री कॅमेरा, फ्लॅश, रोल सगळं झोळ्यात भरून झोळा पेटीत कोंबला होता. संताप आला. पण कॅमेरा बघून मुसळवाली खाली बसली आणि हसायला लागली, तेव्हा जरा जीवात जीव आला.

पेटी तिथंच टाकली, झोळा खांद्याला लावला आणि बायकांनी दाखवलेल्या, गावामागच्या तुरीच्या शेतात शिरलो. तूर माझ्या डोक्याच्या वर. "देवरावजी! अहो देवरावजी! मी फोटोवाला!"

नुसती तूर हलत होती.

मग मात्र माझा तोल गेला. "ऐका! मला स्वतःला तीन पोरं आहेत! सहा महिने मीच गल्लीबोळातून लपतछपत घरी जाऊन राहिलो! गाडीचा आवाज आला की मीच संडासात जाऊन बसतो! मी कोणाची कापू? तिकडं पोरगी बाशिंग बांधून रडून राहिली आणि तुम्ही इथं तूर मोजा!"

मग दोन ओळी सोडून एक माणूस उभा राहिला. नवा सदरा मातीनं माखलेला, केसांत तुरीची पानं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, झोळ्याकडे पाहिलं.

"संडासात?" देवरावांनी विचारलं.

"हो, संडासात."

"मी धान्याच्या कोठीत बसतो," ते म्हणाले, आणि माझ्यामागून चालायला लागले. शेतातून एकेक करून बाकीचेही उठले.

लग्न लागलं. मुहूर्त टळता टळता साधला. मग मी सगळ्या पुरुषांना ओळीनं उभं केलं, फोटोसाठी. आणि पुन्हा डोक्याला ताप! एक माणूस माझ्याकडे बघेल तर शपथ. सगळ्यांच्या माना डावीकडे.

"अहो, इकडं! कॅमेऱ्याकडं बघा!"

बघायचे, आणि मी कॅमेऱ्यात डोकं घातलं की माना परत डावीकडे. चार फोटो वाया गेले. वैतागून मी डावीकडे वळलो. मांडवाच्या खांबाशी माझी पेटी पडली होती, वाकडं झाकण उघडं, आतला फोम बाहेर आलेला. उन्हात चमकत होती.

आता शेवटच्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. बाप आणि लेक समोर उभे होते. देवरावांचे हात अंगाशी घट्ट, नजर त्या पेटीवर. फाट्यावर बस उभी होती, नवऱ्याकडची मंडळी घाई करत होती.

मी कॅमेरा खाली ठेवला. पेटी उचलली, गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकली आणि तिच्यावर दोन टोपल्या शेण लोटलं. परत आलो तेव्हा देवरावांचे खांदे खाली आले होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं, बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं. ती त्यांच्या केसांतली तुरीची पानं एकेक करून काढत होती. दोघांपैकी एकाचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं.

सकाळपासून मी त्या गावावर ओरडत होतो. आत्ता ओरडलो नाही. बटण दाबलं.