एका बॉलवर दोघे

फायर हॉलच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहाच्या, मागे गाडी लावल्यावर डोलोरेसनं नवऱ्याला तिसऱ्यांदा वचन दिलं, की आत गेल्यावर त्याच्या वतीनं ती एक अक्षरही बोलणार नाही. तरी एमिल हुडाक गाडीतून उतरेना. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला, आणि डाव्या हाताचं बोट तिच्या नाकासमोर.

"तोंड," तो म्हणाला.

म्हणजे तोंड बंद ठेव. जानेवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून सात महिन्यांत ही भाषा तिला चांगली अवगत झाली होती. शब्द त्याच्या डोक्यात अगदी शाबूत असायचे. ओठांपर्यंत येताना वाटेत कुठेतरी अदलाबदल व्हायची आणि बाहेर भलताच पडायचा. त्याला हवं असायचं मीठ आणि तोंडातून निघायची शिडी. मग दोघं हसायची. निदान ती तरी.

गाडीत येताना मात्र तो हसला नव्हता. अर्ध्या रस्त्यात, बरीच झटापट करून, त्यानं एवढंच सांगितलं होतं: "आज. नाहीतर... शेवटचं." आज जमलं नाही तर लीगमधली आपली जागा तो सोडणार होता.

लीग सव्वीस वर्षांची. काचेच्या कारखान्यातले बारा जण दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी दुपारी जमायचे आणि अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे बॉल हातात धरून पळायच्या खेळाच्या, खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीनं आपापली कागदी टीम निवडायचे. मग ख्रिसमसपर्यंत ते खेळाडू मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण या बाराजणांच्या खात्यात. कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली, लीग चालूच. डोलोरेसच्या मते ही बाप्यांची भातुकली होती. पण त्या रविवारी एमिल सकाळी गुणगुणत दाढी करायचा, म्हणून ती कधी बोलली नव्हती.

या वर्षी तिला स्वतःलाच भातुकली शिकावी लागली. वाचा-उपचाराच्या मुलीनं चित्रांची कार्डं दिली होती, चमचा, कुत्रा, छत्री. एमिलनं ती भिरकावून दिली. तेव्हा डोलोरेसनं त्याच्या मासिकातून खेळाडूंचे फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. रोज कॉफी झाली की पत्ते पिसल्यासारखे पिसायचे आणि एकेक समोर धरायचा. छत्री येत नव्हती, पण दहातले सात खेळाडू यायला लागले. एक मात्र कधी आला नाही. ब्रॅकेनरिज. बॉल पोटाशी धरून पळण्यात त्याचा हात, खरं तर पाय, धरणारा देशात कुणी नव्हता, आणि एमिलचा जीव त्याच्यावर. त्याचं कार्ड दिसलं की एमिलचे ओठ जुळायचे, मान ताठ व्हायची आणि बाहेर पडायचा मोझ. मोझ त्याच टीमचा, त्याच जागेवरचा, ब्रॅकेनरिज दमला किंवा लंगडला तरच मैदान बघणारा बदली गडी. नाव सोपं, म्हणून तोंड तिकडेच घसरायचं.

हॉलमध्ये शिरताच तिच्या लक्षात आलं, की काहीतरी बिनसलंय. सगळ्यांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते.

या लीगची एक रीत होती. कुणी कुठलाही खेळाडू निवडो, उरलेल्या अकरा जणांनी त्याची अक्कल काढायची. घरी येऊन एमिल त्या शिव्या तिला साग्रसंगीत ऐकवायचा. आज सगळे शाळेच्या कार्यक्रमाला आल्यासारखे बसले होते. जीनो फाल्कोनी एमिलबरोबर एकोणीस वर्षं एकाच भट्टीपाशी राबला होता आणि एवढ्या काळात त्याच्याशी एक धड शब्द बोलला नव्हता. तो उठला आणि त्यानं एमिलसाठी खुर्ची मागे ओढून धरली. जन्मभर काच हाताळलेली माणसं ती. एमिललाही तसंच हाताळत होती. त्या खुर्चीकडे बघताना त्याचा जो चेहरा झाला, तो डोलोरेसनं दवाखान्यातही बघितला नव्हता.

एमिलची पाळी अकरावी, जीनोची बारावी. बाराव्यानं लागोपाठ दोन निवडायचे आणि मग क्रम उलटा फिरायचा, म्हणजे जीनोनंतर पुन्हा एमिल. प्रत्येकाला दीड मिनिट. हिशेब मर्लकडे, तो बाराजणांतला नव्हता. जन्मभर पोस्टमन असलेला हा माणूस नियमाला इतका पक्का, की उशीर केला म्हणून स्वतःच्या मेव्हण्याची पाळी त्यानं एकदा खाल्ली होती. उच्चारलेल्या नावाची पट्टी तो भिंतीवरच्या मोठ्या कागदावर चिकटवायचा.

दहा जण झाले. कसं कोण जाणे, ब्रॅकेनरिज अजून शिल्लक होता. डोलोरेसनं समोरच्या ताटातली अख्खी पिरोगी, बटाटा भरलेली करंजी, तोंडात कोंबली. बटाटा चांगला गरम होता, पण बोलण्यापेक्षा भाजलेलं बरं.

टेबलाला धरून एमिल उठला. ओठ जुळले, मान ताठ झाली.

"मोझ."

मर्लचा हात पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर थबकला. मोझला दहाव्या फेरीआधी कुणी हुंगलंही नसतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर छप्पर उडालं असतं. इथे मग एकेक करत सगळ्या माना वळल्या, एमिलकडे नाही, तिच्याकडे.

तिनं चावणं थांबवलं. एक शब्द, फक्त एकच, की काम झालं असतं. सकाळी उठून कार्डं धरणारी ती, त्याला काय म्हणायचंय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर पांढरा पडला होता. तिनं घास गिळला, जीभ पोळली, आणि ती शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? टीम त्याची आहे."

मर्लनं घसा साफ करून विचारलं, "एमिल, मोझच ना?" सव्वीस वर्षांत कुणाला दुसऱ्यांदा विचारायची त्याची ही पहिली वेळ.

एमिलचे डोळे त्याच्यावर रोखले गेले. एकदा जीनोनं बियरच्या भरात निवृत्त झालेल्या खेळाडूचं नाव घेतलं होतं. तेव्हा तोंडातून निघालं ते निघालं, असा नियम एमिलनंच भांडून वहीत लिहायला लावला होता.

"नियम," तो म्हणाला. हा शब्द मात्र लख्ख आला. मर्लनं मोझची पट्टी लावली.

जीनोनं पहिला खेळाडू पटकन घेतला. दुसऱ्याला वेळ लावला. त्याची पेन्सिल मासिकातल्या ब्रॅकेनरिजच्या नावावर टेकलेली डोलोरेसला स्पष्ट दिसत होती. त्यानं घेतला तर एमिल हरला आणि सोडला तर भीक घातली. आपल्याला नेमकं काय हवंय, हेच तिला कळेना.

"घे," एमिल गुरगुरला. "घे त्याला."

"तू नको सांगूस," जीनो मासिकातून मान वर न काढता म्हणाला. "त्याचा बदली तू खिशात घालून बसलायस. उद्या त्याचा गुडघा गेला की मी तुझ्या दारात येऊन मोझ मागत उभा राहू? नको मला तो." आणि त्यानं कुणा भलत्याचंच नाव घेतलं.

कारण अगदीच खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं, आणि हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं. एमिलला सगळ्यात आधी.

मर्लनं घड्याळ लावलं.

एमिल बराच वेळ जीनोकडे बघत राहिला. डोलोरेसला वाटलं, आता हा दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेणार, किंवा काठी उचलून चालू लागणार. जीनो टेबलाच्या कडेशी खेळत होता. अर्धं मिनिट गेलं. मग एमिलचे ओठ जुळले, आणि 'म' येतोय असं दिसताच त्यानं ते घट्ट मिटून घेतले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. पलीकडे बसलेल्या जीनोचे ओठ नकळत 'ब्रॅ' म्हणायला लागले. एमिलनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की जीनोनं तोंडावर हात ठेवला.

मग एमिलची डावी बोटं मांडीवर पडायला लागली. ताल धरून, चार थापा. मैदानात साठ हजार माणसं हे नाव असंच तोडून ओरडायची. डोलोरेसचा पाय टेबलाखाली आपोआप ठेका धरायला गेला. तिनं दुसऱ्या पायानं तो दाबून धरला.

"ब्रॅ," एमिल म्हणाला. थाप. "के." थाप. कपाळावरून घाम भुवईत उतरला. "न." आणि मग, बाकीचं सगळं एकदम ढकलून दिल्यासारखं, "रिज."

घड्याळात अकरा सेकंद उरले होते. मर्लनं पट्टी लावली ती तिरकी लागली, आणि सरळ करायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. कुणीतरी टाळी वाजवायला हात वर केले. डोलोरेसला वाटलं, आता कीव करून टाळ्या वाजल्या की संपलं.

"थांबा जरा," जीनो म्हणाला. खुर्ची मागे सारून तो उभा राहिला आणि भिंतीवरचा कागद नीट निरखून आला. "मला हे समजून घेऊ दे. पहिल्या दोन पाळ्या. एकच टीम, एकच जागा, मैदानात बॉल एक. याला मिळाला तर त्याला नाही, त्याला मिळाला तर याला नाही. सव्वीस वर्षांत इतका गाढवपणा इथे कुणी केला नव्हता, आणि मी दर वर्षी येतोय." एकदोघं हसले, बिचकत. "शिवाय टीमला सामना नसतो तो आठवडाही दोघांचा एकच, नववा. तेव्हा काय करशील, लेका? स्वतः पळशील?"

हसू जागच्या जागी गोठलं. काठी खुर्चीला टेकलेली होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मर्ल छताकडे बघायला लागला. आपण काय बोलून गेलो हे जीनोला आत्ता उमगलं. त्याचं तोंड उतरलं आणि हात कोरडे करावेत तसे तो शर्टाला पुसायला लागला.

एमिलनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. जीनोचं पोट इस्त्रीच्या शर्टाच्या दोन गुंड्यांमधून बाहेर डोकावत होतं.

"तुझ्या... पुढे," एमिल म्हणाला.

मग मर्ल फसकन हसला, त्याच्या मागोमाग बाकीचे, आणि एकदा बांध फुटल्यावर कुणी आवरेना. कुणी म्हणालं, शर्यत लावूच, कुणी म्हणालं, जीनोला आधी नर्स बघून ठेवा. पलीकडच्यानं मोझच्या आईलासुद्धा मोझ पहिल्या फेरीत नको असेल असं सांगितलं. एमिल शिव्या खात बसला होता, उन्हात बसावं तसा.

डोलोरेस ताटं उचलून स्वयंपाकघरात गेली. पोळलेल्या जिभेवर तिनं बर्फाचा खडा ठेवला आणि कॉफीचं मोठं भांडं घासायला घेतलं. मध्येच बाहेर गलका उठला, अकरा जणांचा, आणि त्यावर जीनोचा आवाज, की असल्या माणसाला मतदानाचा हक्क देऊ नये. म्हणजे एमिलची तिसरी पाळी झाली होती. कुणाला घेतलं, नाव धड आलं की भलतंच निघालं, तिला ऐकू आलं नव्हतं. दाराशी जाऊन बघावं असं वाटलं. पण भांड्याच्या तळाशी कॉफी फारच करपली होती, आणि ती काही एका हातानं निघण्यातली नव्हती.